सुशिक्षित तरुणी आणि लोककारण

उज्जयिनीच्या जुन्या वस्तीतून निघून रेल्वेचे रूळ ओलांडले म्हणजे माणूस माधव नगरच्या बाजूला येतो. शिंदे राजवटीच्या खुणा बाळगणाऱ्या या भागात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली आहेत. कोणाचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, कोणाचे आजोबा शाळेत किंवा महाविद्यालयात शिकवीत होते, कोणाचे वडील बँकेत अथवा रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले. घरात मराठी, बाजारात माळवी आणि कचेरीत हिंदी अशा तीन भाषांत येथील मुली लहानपणापासून सहज वावरतात. त्या शिकतात, परीक्षांत चमकतात, पदव्या मिळवितात. डॉक्टर, अभियंता, प्राध्यापिका, सनदी हिशेबनीस किंवा परदेशातील एखाद्या कंपनीत अधिकारी होण्याची स्वप्ने त्या पाहतात आणि घरची मंडळी त्यांना आनंदाने साथ देतात. परंतु एखाद्या मुलीने ‘शिक्षण संपले की नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहणार’ असे म्हटले, तर त्याच घरात एकदम शांतता पसरते. आई दचकते, वडील विषय बदलतात आणि आजी विचारते, ‘अगं, तुला दुसरं काही सुचलं नाही का?’

या शांततेचा अर्थ लावणे, हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. भारतातील स्त्रियांना मताधिकारासाठी इतर काही देशांतील भगिनींप्रमाणे स्वातंत्र्यानंतर वेगळा लढा द्यावा लागला नाही. राज्यघटनेने पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून स्त्री व पुरुष यांना सारखे मत दिले. ते मत स्त्रिया आज हिरिरीने बजावीत आहेत. २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत मतदान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिकच होते. मात्र २०२४ साली लोकसभेच्या ५४३ जागांपैकी केवळ ७४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. २०१९ साली ही संख्या ७८ होती. म्हणजे मत देणाऱ्यांत निम्मा वाटा आणि निर्णय घेणाऱ्यांत सातवा हिस्साही नाही, असा हा हिशेब आहे. रांगेत उभे राहून ज्यांनी सभागृह भरले, त्यांना सभागृहात मात्र शोधावे लागते.

हे चित्र सर्वत्र सारखे नाही, हेही तितकेच खरे आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. त्यांनी ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्थांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी तो वाटा पुढे निम्म्यापर्यंत वाढविला. या एका तरतुदीने जे घडले त्याची कल्पना शहरातील सुशिक्षित समाजाला पुरती आलेली नाही. ज्यांनी कधी तालुक्याची कचेरी पाहिली नव्हती, अशा शेतकरी, मजूर, दलित आणि आदिवासी घरांतील लक्षावधी स्त्रिया पंचायतीच्या बैठकीत जाऊन बसल्या. कित्येकींना सही करणेही तेथेच शिकावे लागले. काहींच्या नावावर नवऱ्यांनीच कारभार केला आणि ‘सरपंचपती’ हा शब्द भाषेत रूढ झाला, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या खेपेस पदराआड बसलेली स्त्री दुसऱ्या खेपेस प्रश्न विचारू लागली आणि तिसऱ्या खेपेस ग्रामसेवकाकडे हिशेबाची वही मागू लागली, अशीही उदाहरणे गावोगाव आढळतात. शाळेची खोली, हातपंप, अंगणवाडी, रेशनचे दुकान यांकडे तिने वेगळ्या नजरेने पाहिले. कारण त्या गोष्टींवाचून होणारा त्रास तिने स्वतः सोसला होता.

येथेच एक विचित्र विरोध ध्यानात येतो. जिला लिहितावाचता येत नव्हते ती धीटपणे पुढे आली. आणि जिला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा व विज्ञान शिकविण्यासाठी समाजाने वर्षानुवर्षे खर्च केला, ती मागे राहिली. खेड्यातील भगिनीने सत्तेची पायरी चढताना आपल्या अडाणीपणाची लाज बाळगली नाही. शहरातील पदवीधर तरुणी मात्र आपल्या शिक्षणामुळेच राजकारणाला हलके समजू लागली आहे. लोकप्रतिनिधी होण्यास पदवीची आवश्यकता नाही आणि ती असू नये, हे लोकशाहीचे तत्त्व योग्यच आहे. पण जिच्याजवळ पदवी आहे तिने ती या कामी लावूच नये, असे मात्र त्या तत्त्वात कोठेही सांगितलेले नाही.

माळव्यातील मराठी मुलीला राज्यकारभाराची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या भूमीवरच अहिल्याबाई होळकरांनी राज्य केले. त्यांचे थोरपण सांगताना घाट, मंदिरे आणि धर्मशाळा यांची यादी नेहमी वाचली जाते. परंतु त्या कारभार कशा शिकल्या, हा भाग बहुधा सुटून जातो. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्यानंतर सासरे मल्हारराव होळकरांनी सुनेला देवघरात बसवून ठेवले नाही. स्वतः मोहिमेवर असताना त्यांनी तिच्याकडे कारभारातील कामे सोपविली, तिला पत्रे लिहिली, तिच्याकडून कामाचा जाब घेतला. मल्हारराव १७६६ साली वारले, पुत्र मालेराव १७६७ साली गेले आणि राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला, तेव्हा त्यांच्यापाशी अनेक वर्षांचा अनुभव होता. पुढे १७९५ पर्यंत महेश्वराहून त्यांनी जो कारभार केला, त्याचा पाया या उमेदवारीच्या वर्षांत घातला गेला होता. कर्तृत्व आकाशातून पडत नाही. ते कोणी तरी विश्वासाने सोपविलेल्या लहान लहान कामांतून वाढत जाते, हा त्यातील बोध आहे. आजच्या बापाने आणि सासऱ्याने मल्हाररावांचा हा गुण आठवावा.

खुद्द उज्जयिनीत गोपाळमंदिर उभे आहे. ते दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. दौलतरावांच्या पश्चात १८२७ पासून १८३३ पर्यंत बायजाबाईंनी ग्वाल्हेरची सत्ता सांभाळली. पैशाच्या व्यवहारात त्या अत्यंत कुशल होत्या. परंतु त्यांची सत्ता दत्तक पुत्राच्या नावाने चालणारी होती. तो पुत्र विरोधात गेला आणि बायजाबाईंना राज्य सोडून बाहेर पडावे लागले. कुळाने, दत्तविधानाने किंवा वैधव्याने हाती आलेला अधिकार असाच परावलंबी असतो. तो कोणाच्या तरी वतीने येतो आणि कोणाच्या तरी मर्जीने जातो. लोकांनी मत देऊन दिलेला अधिकार निराळा आहे. त्याची मुदत ठरलेली असते, त्याचा हिशेब लोकांना द्यावा लागतो. पण जोवर तो आहे तोवर तो त्या स्त्रीचा स्वतःचा असतो. याच शिंदे घराण्यातील विजयाराजे १९५७ साली गुना मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेल्या, तेव्हा राजवाड्यातील स्त्रीलाही अखेर मतपेटीचीच वाट धरावी लागली. संस्थान गेले होते, खरी सत्ता आता मतदाराच्या बोटाला लागलेल्या शाईत होती.

राजघराण्यांची उदाहरणे ऐकून मध्यमवर्गीय मुलगी म्हणेल, ‘ती मंडळी मोठी, त्यांच्यासारखे आम्हांला कसे साधेल?’ तिच्यासाठी शेजारच्या इंदुरातील एका मराठी गृहिणीचे उदाहरण पुरेसे आहे. सुमित्रा महाजन १९४३ साली चिपळूण येथे जन्मल्या. विवाहानंतर त्या इंदुरास आल्या. सासरी राहून त्यांनी इंदूर विद्यापीठाची एम. ए. आणि कायद्याची पदवी मिळविली. १९८२ साली त्या इंदूर महानगरपालिकेत नगरसेविका झाल्या, १९८४ साली उपमहापौर झाल्या. १९८५ साली विधानसभेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. बहुतेक माणसे येथे थांबतात. सुमित्राताई थांबल्या नाहीत. १९८९ साली त्यांनी लोकसभेच्या निवडणुकीत माजी केंद्रीय मंत्री आणि मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरविले. त्यानंतर २०१४ पर्यंत त्या एकाच मतदारसंघातून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. मीरा कुमार यांच्यानंतर या आसनावर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला होत. त्यांच्या पक्षाची मते कोणाला पटोत वा न पटोत, त्यांच्या वाटचालीचा क्रम प्रत्येक मुलीने पाहण्याजोगा आहे. प्रथम नगरपालिका, मग पराभव, मग संसद. साऱ्या इंदुराने त्यांना ‘ताई’ म्हटले. कोकणात जन्मलेली एक मराठी मुलगी हिंदी भाषिक नगराची ताई होऊ शकते, यावरून परप्रांतात राहणाऱ्या मराठी मुलींच्या मनातील ‘येथे आपले कोण ऐकणार?’ ही शंका नाहीशी व्हावयास हरकत नाही.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकून नंतर मुंबईत कायद्याची पदवी घेतलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली विधानसभेवर निवडून आल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. २००७ साली त्या राष्ट्रपती झाल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या आणि १९५२ साली लोकसभेवर निवडून आल्या. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत प्रवेश केला. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगावच्या नळाला पाणी आणण्याचा प्रश्न त्यांनी इतक्या चिकाटीने लावून धरला की, लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुढे १९७२ साली त्या आमदार व १९७७ साली खासदार झाल्या; पण त्यांची ओळख मात्र अखेरपर्यंत नळाच्या पाण्याशीच जोडलेली राहिली. राजकारणात मोठेपण कोठून येते, याचे उत्तर या एका पदवीत आहे. ती कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती.

आता घरातील त्या शांततेकडे पुन्हा वळले पाहिजे. तिच्या मुळाशी चारपाच भये आहेत आणि ती सारीच खोटी आहेत असे म्हणता येणार नाही.

पहिले भय हिंसेचे. उज्जयिनीकरांना ते समजावून सांगावयास नको. २६ ऑगस्ट २००६ रोजी माधव महाविद्यालयात विद्यार्थिसंघाच्या निवडणुकीवरून जो गोंधळ माजला, त्यात प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांना प्राण गमवावे लागले. खटला पुढे नागपुरास चालला आणि २००९ साली आरोपी निर्दोष सुटले. ज्या गावाने विद्येच्या प्रांगणात असा दिवस पाहिला, तेथील आईबापांनी ‘राजकारण नको’ म्हटले तर त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अशा घटनेतून निष्कर्ष कोणता काढावयाचा? सभ्य मुलामुलींनी निवडणुकीपासून दूर राहावे, असा तो काढला तर मैदान ज्यांच्यामुळे अशुद्ध झाले त्यांच्याच हाती ते कायमचे राहील. नियम पाळणाऱ्या, संयमाने बोलणाऱ्या, पराभव मान्य करणाऱ्या उमेदवारांची संख्या वाढली तरच निवडणुकीचे वळण बदलेल. बंद दाराआड राहून कोणतीही वाट स्वच्छ होत नाही.

दुसरे भय बदनामीचे. पुरुष राजकारणात शिरला तर लोक त्याच्या पैशाची चर्चा करतात. स्त्री शिरली तर तिच्या चारित्र्याची. पूर्वी ही कुजबुज ओट्यावर चाले, आता ती मोबाईलच्या पडद्यावर क्षणात गावभर होते. यावर एकट्या मुलीच्या धैर्याचा उपाय पुरेसा नाही. येथे संघटनेची गरज आहे. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली, तेव्हा समाजवादी मृणाल गोरे आणि साम्यवादी अहिल्या रांगणेकर एकत्र आल्या, आणि हाती लाटणे घेतलेल्या हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. एकटीवर चिखल उडविणे सोपे असते. शंभरजणींवर तो उडविण्यास धजणारे थोडे. पक्ष निराळे असले तरी एकीच्या अब्रूवर घाला आला असता साऱ्यांनी उठावे, हा संकेत तरुणींनी आपापसांत पाळला तर अर्धे भय नाहीसे होईल.

तिसरी अडचण पैशाची. निवडणूक म्हणजे लाखोंचा खेळ, हा समज सर्वस्वी चुकीचा नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा २०२२ पासून देण्यात आली. परंतु ही कमाल मर्यादा आहे, किमान अट नव्हे. शिवाय पहिली निवडणूक संसदेची असावी असे कोठे आहे? वॉर्डातील निवडणुकीत घरोघर पायी जाऊन बोलता येते. तेथे पाच वर्षे केलेले काम हेच भांडवल ठरते. ज्या मुलीने गल्लीतील दोनशे घरांची रेशनकार्डे, वृद्धांची निवृत्तिवेतने आणि मुलांचे शाळाप्रवेश यांसाठी खेटे घातले आहेत, तिला मोठ्या फलकावर आपले छायाचित्र लावण्याची फारशी गरज पडत नाही.

चौथी अडचण विवाहाची आहे आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. राजकारण हे मुळांचे काम आहे. पुरुष जेथे जन्मतो तेथेच बहुधा वाढतो. त्याच्या ओळखीपाळखी वर्षानुवर्षे साठत जातात. मुलगी मात्र वयाच्या पंचविशीच्या आसपास आपली गल्ली, आपले गाव, कधी आपले राज्यही सोडते आणि तिने जोडलेली माणसे मागे राहतात. ही खरी हानी आहे. तथापि कायद्याने तिचा मार्ग बंद केलेला नाही. मतदारयादीत नाव बदलून घेता येते. सर्वसाधारण जागेवर विधानसभेस उभे राहण्यासाठी त्या राज्यातील कोणत्याही मतदारसंघात आणि लोकसभेसाठी देशातील बहुतेक कोणत्याही मतदारसंघात मतदार असणे पुरेसे ठरते. सासरचे गाव हेही कर्मभूमी होऊ शकते, हे इंदूरच्या उदाहरणावरून दिसलेच. मात्र त्यासाठी विवाह ठरविताना मुलाचा पगार आणि घराचे चौरस फूट जसे विचारले जातात, तसा ‘मुलीच्या सार्वजनिक कामाला या घरात जागा आहे काय?’ हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. तो विचारणाऱ्या आईवडिलांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

यापलीकडे एक सुसंस्कृत शंकाही नेहमी ऐकू येते. ‘सेवाच करावयाची तर संस्था काढावी, शिकवावे, रुग्णसेवा करावी; राजकारण कशाला?’ महाराष्ट्राला संस्थांची परंपरा मोठी आहे आणि तिला कोणी उणे लेखू नये. पण त्या परंपरेतील थोर स्त्रियांनीही हा भेद इतका कडक मानला नव्हता. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापिले. आणि पुढे मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ चालली, तेव्हा त्याच रमाबाई तिच्या अग्रभागी होत्या. संस्था दहा मुलींना शिष्यवृत्ती देऊ शकते. पण शाळा कोठे काढावयाची, किती शिक्षक नेमावयाचे, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधावयाचे की प्रवेशद्वाराची कमान, हे अंदाजपत्रक ठरविते. अंदाजपत्रक सभागृहात मंजूर होते आणि तेथे हात वर करण्याचा अधिकार निवडून आलेल्या माणसालाच असतो. समाजसेविका विनंती करते, लोकप्रतिनिधी निर्णय घेते. समाजाला दोघींची गरज आहे. आणि आज दुसरीची उणीव अधिक भासते.

मग महाविद्यालयातील मुलीने आरंभ कोठून करावा? तिने प्रथम आपल्या गावाचा अभ्यास करावा. उज्जयिनीला गंभीर नदीवरील जलाशयातून पाणी मिळते. उन्हाळ्यात तो आटू लागला की नळाच्या वेळा का बदलतात? क्षिप्रेत नर्मदेचे पाणी आणण्याची योजना २०१४ साली सुरू झाली. मग नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचे काय? २०२८ च्या सिंहस्थासाठी कोट्यवधी यात्रेकरू येतील. त्यानिमित्त बांधले जाणारे रस्ते आणि पूल मेळा संपल्यावर गावाच्या कितपत उपयोगी पडतील? माधव नगरच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी येणाऱ्या खेड्यातील स्त्रीला कोणत्या सोयी हव्या आहेत? हे प्रश्न कोणत्याही परीक्षेच्या पाठ्यक्रमाहून कठीण आहेत आणि त्यांची उत्तरे मार्गदर्शिकेत मिळत नाहीत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यान्वये साधा अर्ज करून कागदपत्रे पाहता येतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने महानगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचावे, रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने पाण्याच्या तपासणीचे अहवाल पाहावेत, कायद्याच्या विद्यार्थिनीने ठराव आणि निविदा यांची भाषा समजून घ्यावी. १९५७ साली विक्रम विद्यापीठ उज्जयिनीत स्थापन झाले ते केवळ पदव्या वाटण्यासाठी नव्हे. विद्येचा उजेड गावाच्या कारभारावर पडावा, हाही त्याचा हेतू असला पाहिजे.

दुसरी पायरी बोलण्याची. मराठी घरातील मुलगी वक्तृत्वस्पर्धेत सुरेख भाषण करते. पण वस्तीतील नळावर उभ्या असलेल्या बाईशी दहा मिनिटे बोलणे तिला अवघड जाते. खरे वक्तृत्व तेथे शिकावयास मिळते. माळवी बोलीतील तक्रार समजून घेऊन ती शुद्ध हिंदीत अधिकाऱ्यापुढे मांडणे आणि घरी येऊन तीच मराठीत आजीला समजावून देणे, ही या प्रांतातील मराठी मुलीची जन्मजात शक्ती आहे. तिचा उपयोग केवळ पाहुण्यांच्या सरबराईत संपून जाऊ नये.

तिसरी पायरी नोंदणीची आणि वयाची. अठराव्या वर्षी मत मिळते. २०२२ पासून मतदारनोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक ठरविले गेले. त्यामुळे वाढदिवस झाला तरी पुढच्या जानेवारीची वाट पाहत बसावे लागत नाही. एकविसाव्या वर्षी पंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या सदस्यत्वासाठी उभे राहता येते, पंचविसाव्या वर्षी विधानसभा व लोकसभा, तिसाव्या वर्षी राज्यसभा. म्हणजे पदवी हाती पडते त्याच वर्षी पहिला दरवाजा उघडतो. विद्यार्थिनीला आपल्या विषयाच्या परीक्षेची तारीख पाठ असते. आपल्या वॉर्डाच्या निवडणुकीचे वर्ष कोणते, हे ठाऊक असणाऱ्या किती आढळतील?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभा यांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखण्याची १०६ वी घटनादुरुस्ती संमत केली. अशा विधेयकाचा पहिला प्रयत्न १९९६ साली झाला होता. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. त्या दुरुस्तीच्या मूळ मजकुरातही अंमलबजावणी पुढील जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडलेली आहे. या जागा जेव्हा खुल्या होतील तेव्हा प्रश्न असा उभा राहील की, त्यांवर बसावयास कोण तयार आहे? तयारी केलेल्या स्त्रिया नसतील तर पक्ष आपल्या पुढाऱ्यांच्या पत्नी, कन्या आणि सुना उभ्या करतील आणि ‘सरपंचपती’चा मोठा भाऊ ‘खासदारपती’ जन्माला येईल. कायदा खुर्ची ठेवू शकतो. त्या खुर्चीवर स्वतःच्या बुद्धीने बसणारी व्यक्ती मात्र घरे, शाळा आणि महाविद्यालये यांनीच घडवावी लागते. ती घडण्यास दहापंधरा वर्षे लागतात. यास्तव आरंभ आज झाला पाहिजे.

आणि निवडून आलेल्या स्त्रीने केवळ स्त्रियांचेच प्रश्न मांडावेत, ही अपेक्षाही मान्य करू नये. महिला व बालकल्याण हा महत्त्वाचा विषय आहे. पण वित्त, पाणीपुरवठा, नगररचना, गृह आणि पाटबंधारे हे विषय पुरुषांच्या नावे लिहून दिलेले नाहीत. तद्वतच पक्षाच्या व्यासपीठावर शोभेसाठी बसणे, पाहुण्यांना हार घालणे आणि ठरावावर न वाचता सही करणे, यांस नेतृत्व म्हणत नाहीत. जी स्त्री कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही असा नियम पहिल्या दिवशी घालून घेईल, तिच्याभोवती जमणारी कंत्राटदारांची गर्दी आपोआप विरळ होईल. पदवीधर मुलीला वाचण्याची सवय असते. राजकारणात तिचे शिक्षण पहिल्याने उपयोगी पडेल ते येथे.

प्रत्येक मुलीने निवडणूक लढवावी असे कोणी म्हणणार नाही. कोणी प्रशासकीय सेवेत जाईल, कोणी पत्रकार होईल, कोणी न्यायालयात लोकांची बाजू मांडेल, कोणी केवळ जागरूक मतदार राहील. पण शंभरांत पाचजणींनी तरी हा मार्ग विचारपूर्वक निवडावा आणि उरलेल्या पंच्याण्णवजणींनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. उज्जयिनीच्या महानगरपालिकेत ५४ वॉर्ड आहेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या रिकाम्या राहणार नाहीत. कोणी ना कोणी त्यांवर बसणारच आहे. तेथे बसून गावाच्या पाण्याचा, दिव्यांचा, शाळांचा आणि मुलींच्या सुरक्षिततेचा निर्णय घेणारी व्यक्ती विचारी असावी की नसावी, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. ज्या मुलीला त्याचे उत्तर ठाऊक आहे, तिने घरात तो विषय काढताना आवाज खाली करू नये. आणि वडीलधाऱ्यांनीही तिचे बोलणे पुरते होईपर्यंत विषय बदलू नये.